मानेमागचे केस

वर्ध्याच्या बाजारपेठेत किंवा हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील बसस्थानकांच्या आसपास केशकर्तनालयांचे फलक वाचीत गेले, तर एक शब्द पुन्हा पुन्हा भेटतो : 'फेड'. लो फेड, मिड फेड, हाय फेड, स्किन फेड. महाविद्यालयीन तरुण, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले, लग्नाचा मुहूर्त जवळ आलेले नवरदेव, सारेच या शब्दाने आपली मागणी नोंदवितात. वेशभूषेचा इतिहास आपल्याकडे थोडाफार लिहिला गेला आहे. केशभूषेचा, त्यातही पुरुषांच्या केशभूषेचा, फारसा नाही. कदाचित ती इतकी रोजची गोष्ट आहे की तिला इतिहास असू शकतो हेच कुणाच्या मनात येत नाही. वास्तविक कुणी कुणाच्या डोक्याला हात लावावा, हा या देशातील अत्यंत कडवटपणे भांडला गेलेला प्रश्न आहे आणि त्या भांडणातील काही महत्त्वाचे धागे वर्धा जिल्ह्यात येऊन मिळतात. फेडच्या निमित्ताने ते उलगडून पाहण्याचा हा प्रयत्न.

प्रथम या कापणीचे स्वरूप. फेड म्हणजे विरत जाणे. माथ्यावरचे केस लांब, कानाच्या वर त्याहून आखूड, मानेशी जवळजवळ नाहीसे; मात्र लांब कोठे संपले आणि आखूड कोठे सुरू झाले हे डोळ्यांना कळता कामा नये. यंत्राला लावायच्या कंगव्यांना क्रमांक असतात : एक नंबर म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, दोन म्हणजे ६, तीन म्हणजे १०, चार म्हणजे १३. कारागीर खालून आरंभ करतो, प्रत्येक लांबीचा एक पट्टा आखतो आणि मग दोन पट्ट्यांमधली रेघ पुसण्याच्या कामाला लागतो. यंत्राच्या बाजूची कळ थोडी उघडायची, थोडी मिटायची; हात डोक्याच्या गोलाईवरून वर नेताना मनगट अलगद बाहेर वळवायचे. पट्टे आखणे कुणालाही जमेल. कसब आहे ते रेघ पुसण्यात. रेघ राहिली तर फेड बिघडला, एवढी साधी त्याची कसोटी आहे.

निवड करताना चेहऱ्याच्या ठेवणीचा विचार सगळेच करतात. परंतु जाणता कारागीर आधी मागची बाजू पाहतो. भोवरा कोठे आहे, मानेवरचे केस कोणत्या दिशेने वाढतात, कानामागे जुनी खोक आहे काय, डोक्याचा मागचा भाग चपटा आहे की फुगीर. भोवरा खाली असेल तर हाय फेडने तो उघडा पडतो. केस विरळ असतील तर फार वर चढलेल्या यंत्राने टाळूचा विरळपणा अधिकच जाणवतो. नव्याने करवून घेणाऱ्याने लो फेडपासून आरंभ करावा, कारण उतरलेले यंत्र पुढच्या खेपेस वर चढविता येते, चढलेले लगोलग उतरविता येत नाही. राखण्याचे गणितही समजून घेण्याजोगे आहे. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे पंधरा दिवसांत माथ्यावरचे ५० मिलिमीटरांचे केस ५५ होतात, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. पण कानाशी जेथे काहीच नव्हते तेथे ५ मिलिमीटर उभे राहतात, आणि सारी विरण बुजून जाते. म्हणून फेड राखायचा तर दोन-तीन आठवड्यांनी खुर्चीत बसणे आले. ही केशभूषा माणसाला न्हाव्याशी महिन्यातून दोनदा बांधून घेते. या बांधिलकीचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

मराठी पुरुषाच्या डोक्याला आखूड-लांब यांचा खेळ नवा नाही. घेरा, शेंडी, संजाब, कल्ले, झुलपे हे शब्द आज कोशांत पडून आहेत. एकेकाळी ते अंगावर वागविले जात. परंतु त्या रचनांचे तत्त्व फेडच्या अगदी उलट होते. वस्तऱ्याने तासलेला भाग आणि राखलेला भाग यांच्यामध्ये स्पष्ट रेघ असे, आणि ती रेघच अर्थ सांगे. घेरा किती मोठा, शेंडी आहे की नाही, यावरून जात, पंथ, वय, सुतक ओळखले जाई. वडील वारल्यावर मुलाचे डोके तासले जाई. नवरा वारल्यावर ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत स्त्रीचे केस कायमचे काढले जात. डोके ही समाजाने लिहावयाची पाटी होती, आणि लिहिण्याचे हत्यार न्हाव्याच्या हाती असे. काय लिहायचे हे मात्र त्याच्या हाती नव्हते.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला आणि मध्य प्रांताचा भाग झाला. या मुलखात न्हाव्याला 'म्हाली' आणि 'वारिक' अशी नावे आहेत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जाती-जमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही या जातीच्या नावांत म्हाली हे नाव नोंदलेले आहे. धोकटीत वस्तरा, कात्री, नऱ्हाणी, पाण्याची वाटी आणि लहानसा आरसा घेऊन म्हाली घरोघर फिरे. श्मश्रू, नखे काढणे, अंग रगडणे, लग्नकार्यातील मानाची आणि बिनमानाची कामे ही त्याची. मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने. तो अस्पृश्य नव्हता. पण त्याचा हात लागल्यावर आंघोळ केल्याशिवाय घरात वावरायचे नाही, हा दंडक होता आणि अनेक घरांत तो आजही पाळला जातो. ज्याच्या हाताखाली मान द्यायची, त्याच हाताचा विटाळ धुऊन काढायचा, अशी ही विलक्षण व्यवस्था होती.

या व्यवस्थेत नकाराला स्थान कोठे होते? एक नकार तर बंधनकारकच होता : दलितांची हजामत करावयाची नाही. या नकाराचे वर्णन करताना न्हाव्याला क्रूर ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण धान्य कोण देतो हे पाहिले म्हणजे चित्र बदलते. म्हाली एका घराचा नोकर नव्हता. तो सबंध गावाचा होता, आणि गावातील जमीनधारक कुणब्यांपासून ब्राह्मणांपर्यंत प्रत्येकाने आपला वाटा घातला तरच त्याचे वर्ष निघे. त्याने महारवाड्यात वस्तरा उघडला, तर त्याच वस्तऱ्याखाली इतर मान देणार नाहीत, आणि त्याची जातपंचायतही त्याला वाळीत टाकील. अस्पृश्यतेची सीमा राखण्याचे काम त्याच्याकडे होते आणि तो स्वतःही त्या सीमेचा कैदी होता. राखणदार आणि कैदी एकच असावा, ही जातिव्यवस्थेची खरी कारागिरी.

दुसऱ्या प्रकारचा, वरच्या दिशेने केलेला नकारही इतिहासात आहे. सत्यशोधक चळवळीच्या प्रभावातून, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करावयाचे नाही असा निर्धार तेथे केला गेला. सुधारक ज्या प्रश्नावर लेख लिहीत होते, त्या प्रश्नावर वस्तरा धरणारा हातच थांबला. आपल्या हाताने कोणते पाप घडते याचा विचार त्या हाताच्या मालकाने केला, आणि गिऱ्हाइकाची मर्जी जाईल याची भीती बाजूला ठेवली. श्रमिकाच्या नकारातून घडलेल्या सामाजिक सुधारणेचे हे आपल्याकडील एक आरंभीचे उदाहरण आहे आणि त्याची आठवण फार कमी ठेवली गेली आहे.

मोहनदास गांधी १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले. इंग्लंडला निघताना, उघड्या डोक्याने वावरताना हसे होऊ नये म्हणून, त्यांनी शेंडी काढून टाकली होती. प्रिटोरियात ते एका गोऱ्या न्हाव्याकडे गेले असता त्याने तुच्छतेने नकार दिला. गांधींनी केस कापण्याचे यंत्र विकत घेतले आणि आरशासमोर उभे राहून स्वतःचे केस स्वतः कापले. समोरचे बऱ्यापैकी जमले; मागचे बिघडले. न्यायालयातील मित्र पोट धरून हसले आणि उंदरांनी केस कुरतडले काय, असे विचारू लागले. हा प्रसंग आत्मकथेत सर्वांनी वाचलेला असतो. त्यानंतरचा गांधींचा विचार मात्र बहुधा निसटतो. त्यांनी त्या न्हाव्याला दोष दिला नाही. काळ्या माणसाचे केस कापले तर त्याची गोरी गिऱ्हाइके तुटतील, हे त्यांनी ओळखले. आणि आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्य बांधवांची सेवा करू देत नाही, तेव्हा हे आपल्याच पापाचे फळ आहे, असा निष्कर्ष काढला. प्रिटोरियातील दुकान आणि हिंदुस्थानातील गाव यांचे अर्थकारण एकच आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

पुढे १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना त्यांनी रस्किनचे पुस्तक वाचले. त्यातून त्यांनी जे तीन धडे घेतले, त्यांतील दुसरा असा की वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच आहे, कारण आपल्या कामातून उपजीविका मिळविण्याचा हक्क दोघांचा सारखाच. समानतेचे उदाहरण देताना न्हावीच का आठवावा? ज्याचे केस पाहून न्यायालयातले वकील हसले होते, त्या वकिलाला न्हाव्याच्या कामाचे मोल स्वानुभवाने कळले होते, असे म्हणावयास हरकत नाही. रस्किनच्या त्या पुस्तकाच्या रूपांतराला त्यांनी 'सर्वोदय' हे नाव दिले. या शब्दाचे पुढचे घर वर्धा.

याच काळाच्या आसपास साताऱ्यात एका सुभेदाराच्या घरी ओसरीवर एक मुलगी आपल्या धाकट्या भावांचे केस कापीत होती. त्या भावंडांपैकी एक भीमराव आंबेडकर. साताऱ्यात न्हाव्यांचा तुटवडा नव्हता आणि या घराजवळ पैशांचाही नव्हता. पण महाराच्या डोक्याला हात लावणारा न्हावी मिळत नव्हता. भावांच्या डोक्यांवर सराव करून ती बहीण या कामात तरबेज झाली होती, अशी आठवण बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात नोंदविली आहे. हे लेखन १९३५-३६ च्या सुमाराचे मानले जाते. दोन प्रसंग शेजारी ठेवले की फरक दिसतो. गांधींना नकार परदेशात, प्रौढ वयात, आणि एका दुकानात मिळाला; त्यांनी यंत्र विकत घेतले. आंबेडकरांना तो जन्मासोबत, स्वतःच्या गावी, सगळ्याच दारांत मिळाला. तेथे यंत्र विकत घेऊन प्रश्न सुटणार नव्हता.

वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी जुलै १९२८ मध्ये आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. ही घटना देशभर गाजली आणि तिचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि, मंदिराला मालक असतो, विश्वस्त असतात. त्यांनी मनावर घेतले की दार उघडते. न्हाव्याच्या वस्तऱ्याला असा एक मालक नसतो. तो सबंध गावाच्या संमतीवर चालतो. म्हणून देवळापेक्षा धोकटी उघडणे कठीण. एप्रिल १९३६ च्या अखेरीस गांधी सेगावला राहावयास गेले, तेव्हा त्या खेड्यातील बहुसंख्य वस्ती दलितांची होती. १९४० मध्ये या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. गांधी तेथे पोहोचल्यानंतर लगेच, मे महिन्याच्या आरंभी, वालचंद हिराचंद यांच्यासमवेत डॉ. आंबेडकर त्यांना भेटावयास आले होते. प्रिटोरियातला आणि साताऱ्यातला, दोघेही त्या उन्हाळ्यात वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात समोरासमोर बसले. त्यांच्यातील मतभेदाचे बहुतेक अंग मतदारसंघ आणि धर्मांतर या प्रश्नांभोवती फिरले. पण त्याच्या मुळाशी असलेला भेद या साध्या उदाहरणातही दिसतो. गांधींचे उत्तर स्वावलंबनाचे आणि सवर्णांच्या प्रायश्चित्ताचे होते : आपले केस आपण कापू, आपले शौचकूप आपण साफ करू, मग कुणाचे काम हलके उरणार नाही. आंबेडकरांना हवा होता तो हक्क.

हा हक्क शब्दांत कसा उतरला, हे पाहण्याजोगे आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत भेदभावबंदीच्या कलमावर चर्चा झाली. आज ते पंधरावे कलम आहे. 'दुकान' या शब्दात काय काय येते, असा प्रश्न उपस्थित झाला. आंबेडकरांनी स्पष्ट केले की हा शब्द व्यापक अर्थाने योजला आहे. मोबदला घेऊन सेवा देणारी जागा त्यात येते, धोब्याचे दुकान आणि हजामतीचे दुकानही. संविधान सभेच्या कामकाजात हा एक छोटासा खुलासा आहे. परंतु तो करणाऱ्याचे केस लहानपणी ओसरीवर बहिणीने कापले होते, हे ठाऊक असेल तर त्या खुलाशाला निराळेच वजन येते. १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला आणि सेवा नाकारणे हा दंडनीय अपराध ठरला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो. वर्ध्यापासून ऐंशी किलोमीटरांच्या आत असलेल्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जे धर्मांतर झाले, त्याने तर गावकीची जुनी कामे आणि त्यांच्यासोबत येणारी हीनता नाकारण्याचे बळच दिले.

कायद्याइतकाच बदल दुकानाने घडविला. धान्याच्या जागी रोख पैसा आला, आणि गावभर फिरणाऱ्या धोकटीच्या जागी खुर्ची आणि भिंतभर आरसे. खुर्चीत बसणारा पैसे देतो, त्याची जात विचारण्याचे कारण उरत नाही. निदान शहरात तरी नाही. खेड्यांत हा बदल अधिक सावकाश आणि अधिक कुरकुरत झाला. एड्सविषयीच्या जागृतीनंतर वस्तऱ्यात दर गिऱ्हाइकाला नवे पाते घालण्याची पद्धत रूढ झाली; परक्या शरीराच्या विटाळाची जुनी भीती जाऊन तिथे जंतूंची नवी, आणि सर्वांना समान असलेली, भीती आली. यंत्राला मात्र बराच काळ मान नव्हता. झिरो मशीन ही उवा झालेल्या शाळकरी मुलांची, उन्हाळ्याची किंवा सुतकाची खूण. मिल्ट्री कट तेवढा प्रतिष्ठित, आणि पुलगावात केंद्रीय दारूगोळा भांडार असल्याने तो या जिल्ह्याला अपरिचित नव्हता. २००३ मध्ये 'तेरे नाम'मुळे पोरांनी केस वाढविले. २००८ मध्ये 'गजनी' आला आणि तीच पोरे यंत्राखाली बसली.

फेडची वंशावळ अमेरिकन आहे. इलिनॉयमधील लिओ वॉल यांनी १९१९ मध्ये विजेवर चालणारे हातातले यंत्र तयार केले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने बाजूचे केस उतरते कापण्याची शिस्त लोकप्रिय केली. आणि १९८० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या दुकानांनी तिची कला केली. या दुकानांचा पूर्वेतिहास आपल्याला परका वाटणार नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक कृष्णवर्णीय न्हावी केवळ गोऱ्यांची हजामत करीत आणि स्वतःच्या बांधवांना दुकानात घेत नसत, कारण घेतले तर गोरे येणे बंद होईल. गुलामीत जन्मलेले अटलांटाचे अलोन्झो हर्नडन या धंद्यातून श्रीमंत झाले. त्यांचे दुकान गोऱ्यांसाठीच होते, आणि तरीही १९०६ च्या दंगलीत गोऱ्या जमावाने ते फोडले. वरच्यांची मर्जी राखण्यासाठी बरोबरीच्यांना दिलेला नकार शेवटी संरक्षण देत नाही, हे म्हालीला आणि हर्नडनला सारखेच लागू आहे. फेड रुजला तो पुढच्या पिढ्यांच्या दुकानांत, जेथे कृष्णवर्णीय माणूस कृष्णवर्णीय माणसाच्या डोक्यावर अर्धा-पाऊण तास मन लावून काम करू लागला. वर्ध्याचा तरुण आज ही केशभूषा मागतो, तेव्हा तो नकळत अशा एका इतिहासाचा वारस होतो, ज्यात ज्यांना नाकारले गेले त्यांनी आपल्या डोक्याची प्रतिष्ठा स्वतः घडविली.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि महाराष्ट्रातील केशकर्तनालये २८ जूनपर्यंत बंद राहिली; उघडली तेव्हाही आरंभी फक्त केस कापण्याची परवानगी होती, दाढीची नव्हती. त्या तीन महिन्यांत असंख्य घरांत प्रिटोरियाचा प्रयोग झाला. यंत्रे मागविली गेली, आरशासमोर उभे राहून केस कापले गेले, आणि समोरचे जमून मागचे बिघडले. ज्यांचे पोट रोजच्या गल्ल्यावर चालते त्या कारागिरांचे हाल मात्र विनोदाचा विषय नव्हते. बचतीवर किती दिवस काढायचे, दुकानाचे भाडे कसे द्यायचे, हे प्रश्न त्यांच्यापुढे होते. वकील आणि न्हावी यांच्या कामाचे मोल सारखे, हा धडा सर्वोदयाच्या या भूमीतही व्यवहारात उतरलेला नाही, हे त्या काळात स्पष्ट दिसले.

आज प्रश्न असा आहे की नाभिक समाजातील किती मुले हा धंदा स्वखुशीने पुढे नेतील. 'हजामत करणे' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत अजून फसवणुकीसाठी आणि फजितीसाठी वापरला जातो. 'बिनपाण्याने' केली तर अधिकच. ज्या कामाच्या नावाने भाषा शिवी देते, त्या कामात अभिमान कसा वाटावा? फेडने इतके मात्र केले आहे की कौशल्य दिसू लागले आहे. रेघ पुसता येणारा आणि न येणारा यांतील फरक गिऱ्हाइकाला कळतो, तो नाव विचारीत येतो, वाट पाहत बसतो आणि दर पंधरवड्याला परत येतो. जन्माने मिळालेल्या कामाचे रूपांतर शिकून मिळविलेल्या कलेत होण्याची ही सुरुवात असू शकेल. ती पुढे न्यायची तर तिचे दाम चोख द्यावे लागेल, आणि घरी आल्यावरची आंघोळ केस झटकण्यापुरतीच आहे की आणखी कशासाठी, हे स्वतःला विचारावे लागेल.

गांधींच्या स्वावलंबनाला त्या आरशासमोर एक मर्यादा भेटली होती. दाढी आपली आपण करता येते, समोरचे केसही कसेबसे कापता येतात, मानेमागचे नाही. फेडचे तर सारे सौंदर्य तिथेच, जिथे आपली नजर पोहोचत नाही. तेवढ्या जागेसाठी तरी माणसाला दुसऱ्या माणसाचा हात लागतो, मान खाली घालून आणि डोळे मिटून त्याच्यावर विश्वास टाकावा लागतो. साताऱ्याच्या ओसरीवर तो हात फक्त बहिणीचा असू शकत होता. तो कुणाचाही असू शकावा, आणि कुणाच्याही मानेवर फिरू शकावा, एवढ्यासाठी संविधान सभेत एका शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागला होता.